बोधचिन्ह ऐकू येत नाही

विद्यापीठांमध्ये सध्या एका शब्दाची साथ आली आहे: 'रीब्रँडिंग'. प्रवेशद्वाराचा रंग बदलला, संकेतस्थळ बदलले, ग्रंथालयाचे 'नॉलेज सेंटर' झाले. आता पाळी कॅम्पस रेडिओची आहे. कार्यक्रम जुना झाला, श्रोते घटले, मुलांना तो आपला वाटत नाही, असा एक अहवाल तयार होतो. समिती बसते. जनसंज्ञापन विभागातली दोन-चार मुले, जनसंपर्क अधिकारी आणि बाहेरून बोलावलेला एखादा सल्लागार. महिन्याभरात कार्यक्रमाला नवे नाव मिळते. ते बहुधा इंग्रजी असते आणि त्यात 'व्हाइब', 'बझ' किंवा 'बीट' यांपैकी एक शब्द असतोच. गोल चौकटीत मायक्रोफोन आणि त्यातून निघणाऱ्या तीन वक्र रेषा, असे बोधचिन्ह येते. घोषवाक्य येते. टी-शर्ट येतात, कॉफीचे मग येतात. कुलगुरूंच्या हस्ते अनावरण होते, छायाचित्रे झळकतात.

एवढ्या सगळ्यात एक साधी गोष्ट कोणी बोलून दाखवत नाही, ती ही की बोधचिन्ह ऐकू येत नाही.

रेडिओवरच्या कार्यक्रमाची ओळख चार गोष्टींनी बनते: कोण बोलतो, कोणत्या भाषेत बोलतो, किती वाजता बोलतो आणि कोणाला उद्देशून बोलतो. नव्या ओळखीच्या नावाखाली जे चालले आहे ते नुसते वेष्टन बदलण्याइतके निरुपद्रवी असते, तर त्यावर शाई खर्च करायचे कारण नव्हते. प्रत्यक्षात वेष्टनाची चर्चा चालू असताना या चारही गोष्टी गुपचूप बदलल्या जातात आणि त्यांत पहिला बळी भाषेचा जातो. माझे भांडण त्याच्याशी आहे.

आधी हे रेडिओ आले कुठून ते पाहू, कारण समित्यांना त्याचाच विसर पडलेला दिसतो. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉलच्या खटल्यात निकाल दिला. भांडण होते क्रिकेटचे सामने दाखवण्याच्या हक्कांचे, पण निकाल त्याच्या कितीतरी पुढे गेला. न्या. पी. बी. सावंत आणि न्या. जीवन रेड्डी यांनी स्पष्ट केले की प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती सरकारच्या खाजगी तिजोरीतली वस्तू नव्हे आणि पैसेवाल्याचीही नव्हे. या विचाराच्या रेट्याने पुढे २००२च्या अखेरीस केंद्र सरकारने नामांकित शिक्षणसंस्थांना स्वतःचे रेडिओ केंद्र चालवण्याची वाट मोकळी केली. १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात देशातले पहिले कॅम्पस केंद्र सुरू झाले. २००६मध्ये हीच परवानगी स्वयंसेवी संस्थांपर्यंत पोचली.

यातली कळीची गोष्ट अशी की आपल्याकडे कायद्याच्या दृष्टीने 'कॅम्पस रेडिओ' असा वेगळा प्रकार नाही. विद्यापीठाला मिळतो तो परवाना सामुदायिक रेडिओचा. शंभर वॉटचा प्रक्षेपक, जास्तीत जास्त तीस मीटर उंचीचा मनोरा, साधारण दहा-पंधरा किलोमीटरचा टापू. अटीही साध्या आहेत. निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक समाजाच्या सहभागातून तयार झाले पाहिजेत आणि ते शक्यतो स्थानिक भाषेत, बोलीत असावेत. म्हणजे विद्यापीठाला ही लहर मिळाली ती आपल्या विद्यार्थ्यांची करमणूक करण्यासाठी नव्हे. कुंपणाच्या पलीकडे राहणाऱ्या माणसांशी बोलण्याच्या बोलीवर ती मिळाली आहे. अण्णा एफएमने सुरुवातीच्या वर्षांत आरोग्यासारख्या विषयांवर आसपासच्या वस्त्यांतल्या स्त्रियांना घेऊन कार्यक्रम केले, ते या बोलीला जागूनच.

आता या पार्श्वभूमीवर 'ब्रँड' या शब्दाकडे पाहा. ब्रँड कोणाला लागतो? ज्याचा माल शेजारच्या दुकानातल्या मालासारखाच आहे, त्याला. २००१ साली बेंगळुरूमध्ये देशातले पहिले खासगी एफएम केंद्र सुरू झाले आणि त्यानंतर शहराशहरांत अशी केंद्रे उगवली. लिलावात मोठी रक्कम मोजून घेतलेला परवाना, जाहिरातींवर चालणारा धंदा आणि सगळ्यांकडे तीच चित्रपटगीते. एकाच आठवड्यातली तीच वीस गाणी पाच केंद्रांवर वाजत असतील, तर ऐकणाऱ्याने कोणाच्या नावाने बटण थांबवायचे? म्हणून चटकदार नाव, सतत आदळणारी जिंगल, उसळत्या आवाजाचा निवेदक. त्यांच्या धंद्याची ती गरज आहे आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. याच धंद्याच्या हिशेबात मराठी गाणी बसत नव्हती, म्हणून खुद्द मुंबईत खासगी एफएमवर मराठी गाणी वाजावीत यासाठी आंदोलनाची भाषा करावी लागली होती, हेही विसरायला नको.

कॅम्पस रेडिओला यातली कोणती अडचण आहे? त्याला लिलाव नाही. त्याच्या दहा किलोमीटरच्या टापूत बहुधा दुसरा सामुदायिक रेडिओ नाही. फार काय, त्याचा आकडासुद्धा त्याच्या एकट्याचा नाही. चेन्नईचे अण्णा एफएम, दिल्लीचा रेडिओ जामिया, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा रेडिओ, बारामतीची वसुंधरा वाहिनी, म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी, सगळे ९०.४ मेगाहर्ट्झवर. टापू लहान असल्यामुळे एकाच आकड्यावर देशभर इतकी केंद्रे सुखाने नांदतात. मला यात मोठे सौंदर्य दिसते. गावोगाव काटा एकाच जागी लावायचा आणि प्रत्येक ठिकाणी वेगळी भाषा, वेगळा हेल, वेगळी काळजी ऐकू यायची. त्या केंद्राची ओळख म्हणजे ती भाषा आणि तो हेल. उद्या या सगळ्यांनी एकाच साच्यातली इंग्रजी नावे घेतली आणि एकाच साच्यातल्या हिंग्लिशमध्ये बोलायला लागली, तर ९०.४वर चेन्नई कोणते आणि बारामती कोणती हे सांगायला कोणते बोधचिन्ह उपयोगी पडणार?

ओळख कानात कशी घडते याचे धडे आपल्या रेडिओच्या इतिहासात जागोजाग पडलेले आहेत. आकाशवाणीची संकेतधून घ्या. नाझींच्या छळापासून सुटका करून घेत १९३४ साली मुंबईला आलेल्या वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराकडे तिच्या रचनेचे श्रेय जाते. शिवरंजनीच्या सुरांवर बेतलेली, मागे तंबोरा धरलेली ती काही सेकंदांची धून. सरकारे बदलली, केंद्रांची संख्या वाढली, आकाशवाणीच्या कारभारात हजार दोष निघाले. पण पहाटे ती धून कानावर पडली की घरातल्या आंधळ्या आजोबांनाही कळायचे की सकाळ झाली. तिच्या लोकप्रियतेसाठी कोणी मोहीम चालवली नव्हती. रोज त्याच वेळी, न चुकता वाजत राहणे एवढीच तिची युक्ती.

किंवा 'बिनाका गीतमाला' घ्या. १९५२पासून दर बुधवारी रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांचा आवाज यायचा. ज्या टूथपेस्टच्या नावाने कार्यक्रम चाले, तिचे नाव पुढे बदलले, तसे कार्यक्रमाचेही बदलले. 'बिनाका'ची 'सिबाका' झाली. श्रोत्यांनी काय केले? ते 'बिनाका'च म्हणत राहिले आणि ऐकत राहिले, कारण आवाज तोच होता, वार तोच होता आणि 'बहनों और भाइयों' ही हाक त्यांनाच उद्देशून होती. नाव बदलूनही कार्यक्रम टिकला तो या तीन गोष्टी न बदलल्यामुळे. ज्यांना नावाच्या जोरावर श्रोते आणायचे आहेत त्यांनी हे उदाहरण उलटे करून पाहावे: नाव, रंग, घोषवाक्य सगळे झकास, पण आवाज दर सत्रात बदलतो, वेळ परीक्षेच्या वेळापत्रकानुसार सरकते आणि निवेदकाला माहीतच नाही की समोर कोण आहे. अशा कार्यक्रमाला कोणते नाव वाचवील?

आपल्या मराठी रेडिओत 'पुन्हा प्रपंच'ची ओळख पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भाऊजी ही होती. त्यांची चित्रे कोणी पाहिली नव्हती, तरी टेकाडे भाऊजी कसे दिसत असतील याबद्दल घराघरांत वाद व्हायचे. 'आपली आवड'ची ओळख तर श्रोत्यांची नावेच होती. गाण्याआधी गावांची आणि माणसांची यादी वाचली जायची आणि त्या यादीत आपले नाव येईल म्हणून लोक पोस्टकार्डे लिहायचे. या प्रकाराचे सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण आज झारखंडमध्ये असलेले झुमरीतलैया. हे छोटे गाव साऱ्या देशाला ठाऊक झाले ते केवळ तिथले लोक फर्माइशीची पत्रे पाठवत राहिले म्हणून. भारतीय रेडिओवर घडलेले सर्वांत पक्के 'ब्रँडनेम' हे कोणत्याही केंद्राचे नव्हते, ते एका श्रोत्यांच्या गावाचे होते. कोणत्याही सल्लागाराने ते घडवलेले नव्हते.

कोणी म्हणेल, तुमचा राग इंग्रजी नावावर आहे. देशी नाव दिले की तुमचे समाधान होईल. तसे नाही. हा वाद इंग्रजी विरुद्ध देशी असा सोपा नाही, आणि या नियतकालिकाच्या वाचकांना तर ते सांगायलाच नको. 'आकाशवाणी' या शब्दाचीच गोष्ट पाहा. हा शब्द रेडिओला चिकटला तो दिल्लीच्या कोणत्या कार्यालयात नव्हे. १९३५ साली म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातले मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरी एक छोटा प्रक्षेपक बसवला आणि त्या केंद्राचे नाव झाले 'आकाशवाणी'. म्हणजे आज आपण ज्या नावाला सरकारी समजतो, त्याचे मूळ एका प्राध्यापकाच्या घरातल्या हौसेच्या केंद्रात आहे. आपल्या कॅम्पस रेडिओचा पूर्वज शोधायचा तर तो तिथेच सापडेल. म्हैसूरच्या ऐकणाऱ्यांना ते नाव आपले वाटले. पुढे ते साऱ्या देशाचे झाले.

पण त्याच शब्दाची दुसरी बाजू २०२३च्या मे महिन्यात दिसली. 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव यापुढे वापरू नये, सर्वत्र 'आकाशवाणी' असेच म्हणावे, असा आदेश निघाला आणि तामिळनाडूतून विरोध झाला. तमिळमध्ये रेडिओला 'वानोली' हा स्वतःचा, रुळलेला शब्द आहे. तिथल्या श्रोत्याला 'आकाशवाणी' हे आपले नाव वाटत नाही, ते दिल्लीहून आलेले वाटते. तेच नाव म्हैसुरात घरचे आणि चेन्नईत लादलेले. हा फरक शब्दाच्या कुळात नाही. ते नाव कोणी ठेवले आणि कोणाला विचारून ठेवले, यात तो आहे. म्हणून विद्यापीठाच्या समितीने इंग्रजी नाव पुसून एखादे जड संस्कृत नाव ठेवले, तर तेही मला तितकेच नकोसे वाटेल.

ज्यांनी विचारून नावे ठेवली त्यांची नावे कशी आहेत ते पाहा. तेलंगणातल्या झहीराबाद भागात १५ ऑक्टोबर २००८ रोजी 'संघम रेडिओ' सुरू झाला. तो चालवणाऱ्या स्त्रिया दलित, शेतात राबणाऱ्या. 'संघम' म्हणजे गावागावांतले त्यांचे बायकांचे गट. हा शब्द रेडिओच्या आधीपासून त्यांच्या तोंडी होता. रेडिओ आला तेव्हा त्याला नवी ओळख द्यायची गरजच पडली नाही, त्यांनी आपली ओळख त्याला दिली. केरळात वायनाडचा 'माट्टोली' म्हणजे प्रतिध्वनी. तो तिथल्या आदिवासी भाषांतूनही बोलतो. म्हसवडच्या केंद्राच्या नावात माणदेश आहे. यांतल्या कोणाच्याही नावात 'व्हाइब' नाही, तरी यांच्यावर देशोदेशीचे अभ्यासक लिहितात. विद्यापीठांकडे यांच्या कितीतरी पट पैसा आहे, भाषाविभाग आहेत, ध्वनिमुद्रणाच्या खोल्या आहेत. नसते ते एवढेच, की विचारायची सवय नसते.

न विचारल्याने काय होते, याचे एक उदाहरण मी जवळून पाहिले आहे. विद्यापीठ महाराष्ट्राबाहेरचे होते. नाव घेत नाही, कारण असे घडणारे ते एकटे नाही. तिथल्या रेडिओवर शनिवारी संध्याकाळी सहा वाजता वसतिगृहातल्या मुलांचा एक कार्यक्रम असे. प्रत्येक आठवड्याला एक भाषा. कधी ओडिया, कधी मल्याळम, कधी बांगला, कधी मराठी. नाव त्या शहराच्या भाषेतले, साधेसे, 'आमच्या घरी असे बोलतात' अशा अर्थाचे. मराठीची पाळी पाच-सहा आठवड्यांनी येई. नांदेडची एक मुलगी आणि बेळगावचा एक मुलगा मिळून तो अर्धा तास करीत. ध्वनिमुद्रण बेताचेच असायचे, मध्येच पंख्याची घरघर यायची. पण मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या सोलापूरकडच्या एक मावशी त्यात जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या. विद्यापीठाच्या मागच्या भिंतीपलीकडे दगडकाम करणाऱ्या वडार कुटुंबांची वस्ती होती. त्यांच्या घरात तेलुगू मिसळलेली बोली आणि मराठी दोन्ही चालत. त्या वस्तीतली माणसे एकदा फाटकावर येऊन विचारून गेली की त्या बाई पुन्हा कधी गाणार आहेत. इतक्या वर्षांत विद्यापीठाच्या फाटकावर काही मागायला न येता, काही विचारायला ही वस्ती पहिल्यांदा आली होती.

मग नवी ओळख आली. सल्लागाराच्या सादरीकरणातली एक ओळ मला अजून आठवते: श्रोता, वय १८ ते २४, शहरी, हिंदी-इंग्रजी समजणारा. त्या एका ओळीत मावशी गेल्या, फाटकावरचा पहारेकरी गेला, वडार वस्ती गेली. कोणी त्यांना बाहेर काढले नाही, कोणी एक वाईट शब्दही उच्चारला नाही. ते फक्त 'टार्गेट'मध्ये बसत नव्हते. भाषांचे अर्धे तास बंद झाले, कारण त्यांनी म्हणे 'ब्रँड विस्कळीत' होतो. त्यांच्या जागी तीन-तीन मिनिटांच्या गप्पा आणि गाणी आली. देशाची विविधता मात्र सांभाळली गेली: नव्या जिंगलमध्ये पाच भाषांतून अभिवादन घातले. मराठीच्या वाट्याला 'नमस्कार मंडळी' आले. अर्ध्या तासाचे दोन शब्द झाले आणि त्या दोन शब्दांसाठी स्टुडिओचे भाडे मोजले गेले. पुढच्या वर्षी आणखी एक समिती बसली. तिचा विषय होता, श्रोते का वाढत नाहीत.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला या अर्ध्या तासाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. बडोदा, इंदूर, हैदराबाद, बेंगळुरू इथल्या मराठी घरांत भाषा स्वयंपाकघरात जिवंत असते आणि उंबऱ्याबाहेर मुकी होते. तिला सार्वजनिक हवेत उच्चारले जाण्याच्या जागा फार थोड्या. जी गोष्ट हैदराबादेतल्या मराठीची, तीच पुण्यातल्या ओडियाची आणि मुंबईतल्या मैथिलीची. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनीही हा हिशेब मांडावा: बांधकामावर राबणारी, मेसमध्ये भांडी घासणारी परभाषक माणसे त्यांच्या कुंपणाशी राहतात, त्यांचा अर्धा तास कुठे आहे? कॅम्पस रेडिओ ही अशा थोड्या जागांपैकी एक होती, कारण तिथे जाहिरातदाराची मर्जी सांभाळायची नव्हती. तिथूनही भाषा हद्दपार झाली ती बाजाराच्या दबावाने नव्हे, बाजाराच्या नकलेने. हे जास्त लाजिरवाणे आहे.

आता दुसऱ्या बाजूचे ऐकू. पहिला मुद्दा असा की मुलांकडे आता रेडिओ संचच नसतो. पुष्कळ फोनमध्येही एफएम नसते. कार्यक्रम इंटरनेटवरून, पॉडकास्ट म्हणून पोचवायचा तर त्याला एक चौकोनी चित्र लागते, ओळखू येईल असे नाव लागते. हे खरे आहे. चित्र जरूर काढा. ललित कला विभागातल्या एखाद्या मुलीला सांगा, ती एका दुपारी काढून देईल. पण चित्र हे दारावरची पाटी असते. पाटी बदलण्यासाठी घरातली माणसे बदलायचे कारण काय? उलट इंटरनेटवर गेल्यावर तर जगातले सगळे 'व्हाइब' आणि 'बझ' तुमच्या शेजारी उभे असतात. तिथे तुमच्याकडे वेगळे असे जे काही आहे, ते मावशींचा आवाज आणि भिंतीपलीकडची वस्तीच आहे. तेच काढून टाकून तुम्ही गर्दीत शिरता आणि वर तक्रार करता की कोणी ओळखत नाही.

दुसरा मुद्दा पैशाचा. देणगीदाराला, माजी विद्यार्थ्यांना काहीतरी चकचकीत दाखवावे लागते. मान्य. मग त्यांना दाखवा की गेल्या वर्षभरात किती वेगवेगळ्या माणसांनी आपल्या मायक्रोफोनसमोर तोंड उघडले, किती भाषा वाजल्या, किती कार्यक्रम वस्तीत जाऊन ध्वनिमुद्रित झाले. देणगीदाराची बुद्धी मगाच्या पलीकडे जात नाही असे आपणच का गृहीत धरतो?

तिसरा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो: जुने नेहमी चांगलेच असते का? नसते. कित्येक कॅम्पस केंद्रांवर जुना कार्यक्रम म्हणजे विभागप्रमुखांची भाषणे, दिनविशेष आणि पाठ केल्यासारखी वाचलेली निवेदने. त्या कार्यक्रमाला मुले कंटाळली तर दोष मुलांचा नाही. तो कार्यक्रम बदललाच पाहिजे, आणि मुळापासून बदलला पाहिजे. माझी तक्रार नेमकी हीच आहे की अशा कार्यक्रमातही बदलले जाते ते नाव, आणि विभागप्रमुखांचे भाषण नव्या जिंगलनंतर तसेच सुरू होते. खरा बदल खर्चिक नसतो, त्रासदायक असतो. त्यासाठी रेकॉर्डर घेऊन उन्हात वस्तीत जावे लागते, चहाच्या टपरीवर तासभर बसावे लागते, दर आठवड्याला त्याच वेळी हजर राहावे लागते. बोधचिन्हाला यातले काही लागत नाही, म्हणून ते सगळ्यांना आवडते.

तेव्हा ज्या विद्यापीठाला रेडिओच्या कार्यक्रमाची नवी ओळख घडवायचीच आहे, त्याने काही गोष्टी आधी कराव्यात. जुनी ध्वनिमुद्रणे नीट जपून, तारीख आणि नाव घालून ठेवावीत. जुना ब्रँड म्हणून ती कपाटात फेकली की त्यातले आवाज परत मिळत नाहीत. नावाचा प्रश्न समितीच्या खोलीत सोडवू नये. महिनाभर तो प्रश्न कार्यक्रमातच, सगळ्या भाषांत विचारावा, आणि पहारेकऱ्याने सुचवलेले नाव जनसंपर्क अधिकाऱ्याने सुचवलेल्या नावाइतक्याच गांभीर्याने ऐकावे. नाव बदललेच तर वेळ आणि वार वर्षभर तरी हलवू नये. संकेतधून विकत घेऊ नये. संगीत विभागातल्या किंवा वस्तीतल्या कोणाकडून तरी ती करून घ्यावी आणि मग तिला हात लावू नये. आणि कुठल्याही भाषेचा वेळ कमी करायचा असेल, तर ती भाषा बोलणाऱ्यांना समोर बसवून, त्यांच्या तोंडावर ते सांगायची हिंमत दाखवावी. माझा अंदाज आहे की ही शेवटची अट पाळायची ठरवली तर निम्मे बदल आपोआप बारगळतील.

एवढे करूनही शंका राहिली, तर एक फुकटची परीक्षा आहे. नव्या कार्यक्रमाचे पहिले मिनिट ध्वनिमुद्रित करा. त्यातून कार्यक्रमाचे नाव आणि केंद्राचे नाव कापून टाका. मग ते मिनिट विद्यापीठाच्या फाटकाबाहेरच्या दहा माणसांना ऐकवा आणि विचारा: हे कुठले आहे? कोण कोणाशी बोलते आहे? दहातल्या सहांनी जरी 'हे आपल्याकडचेच' असे म्हटले, तर तुमची ओळख घडली आहे. आता हवे तर बोधचिन्ह काढा. आणि दहाही जण खांदे उडवून म्हणाले की हे कुठलेही असू शकेल, तर अनावरणाची तारीख रद्द करा आणि मगांची ऑर्डरही.